मोफत माध्यमिक शिक्षण: पैसा, शिक्षक आणि वर्गखोल्या यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माध्यमिक शाळेची फी माफ झाली की आनंद होतो, आणि तो व्हायलाच हवा. पण फी हा शाळेच्या उत्पन्नाचा एक भाग असतो. तो बंद झाला की त्याची जागा कशाने तरी भरावी लागते. ती सरकारने वेळेवर आणि पुरती भरली तर शिक्षण मोफत होतं, नाहीतर तोच खर्च वेगळ्या नावाने पुन्हा घरी येतो. खालच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं फिरून याच मुद्द्यापाशी येतात: पैसे कोण देतं आणि कधी देतं?

फी नाही, म्हणजे शिक्षण मोफत झालं ना?

अर्धवट झालं. शाळेची फी घरच्या एकूण खर्चाचा एक हिस्सा असते. गणवेश, वह्या, काही ठिकाणी पाठ्यपुस्तकं, परीक्षा शुल्क, प्रयोगशाळेचं शुल्क, प्रवास, दुपारचं जेवण, वसतिगृह आणि 'जादा तासां'चे पैसे हे सगळं उरतंच. शिवाय एक खर्च कुठल्याच पावतीवर दिसत नाही. पंधरा-सोळा वर्षांचं मूल शाळेत असतं तेव्हा ते शेतात, दुकानात किंवा घरात धाकट्यांकडे बघायला नसतं. गरीब घरात हा बुडालेला हातभार फीपेक्षा मोठा असू शकतो. सात वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ही अडचण जवळजवळ नसते, म्हणून प्राथमिक शिक्षण मोफत करण्याचा अनुभव जसाच्या तसा माध्यमिकला लागू पडत नाही.

एखादी योजना खरंच मोफत आहे का हे तपासायचा मला पटलेला मार्ग साधा आहे. एका मुलासाठी वर्षभरात शाळेने किंवा शाळेमुळे घरातून किती वेळा पैसे मागितले ते मोजायचं. रक्कम किती आणि नाव काय, हे नंतर बघता येतं.

सरकारवर हे बंधनकारक आहे का?

प्राथमिक शिक्षणाइतकं स्पष्ट बंधन नाही. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात सक्तीचं आणि मोफत म्हटलं आहे ते प्राथमिक शिक्षण. १९६६ च्या आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांच्या करारात माध्यमिक शिक्षण 'क्रमाक्रमाने मोफत' करण्याची भाषा आहे. १९८९ च्या बालहक्क करारात तर मोफत शिक्षण हा माध्यमिकसाठी योजायच्या उपायांपैकी एक, एवढ्यावरच भागवलं आहे. २०१५ मध्ये दक्षिण कोरियातल्या इंचॉन इथे जगभरच्या शिक्षणमंत्र्यांनी आणि प्रतिनिधींनी बारा वर्षांचं मोफत शिक्षण आणि त्यातली किमान नऊ वर्षं सक्तीची, असं उद्दिष्ट मान्य केलं, पण उद्दिष्ट म्हणजे कायदा नाही. ही फट बुजवण्यासाठी बालहक्क कराराला नवा पूरक मसुदा जोडण्याच्या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने २०२४ मध्ये सुरुवात करून दिली.

देशोदेशींचे कायदेही वेगवेगळ्या इयत्तेला थांबतात. भारताचा २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयापर्यंत, म्हणजे आठवीपर्यंतच हक्क देतो. नववीच्या उंबरठ्यावर मूल कायद्याच्या छत्राबाहेर पडतं. नेमकं तिथेच शिक्षण महाग होतं, हा योगायोग मला फार बोचतो.

माध्यमिक शाळा प्राथमिकपेक्षा एवढी महाग का पडते?

कारण विषय. प्राथमिकला एक शिक्षक एका वर्गाचे बहुतेक सगळे विषय शिकवतो. माध्यमिकला ते चालत नाही. एक हिशेब करून बघू.

समजा तीन इयत्ता आहेत, प्रत्येकीची एकच तुकडी आणि तुकडीत ४५ मुलं. एकूण पट १३५. प्राथमिक शाळा असती तर तीन शिक्षकांत भागलं असतं. माध्यमिकला प्रत्येक तुकडीच्या आठवड्याला ४० तासिका धरल्या तर एकूण १२० तासिका होतात. एका शिक्षकाचा कार्यभार २८ तासिकांचा धरला तर कागदावर पाच शिक्षक पुरतात. पण भाषांना दोन, गणिताला एक, विज्ञानाला एक, सामाजिक शास्त्रांना एक, संगणकाला एक, कला आणि शारीरिक शिक्षणाला मिळून एक अशी माणसं लागतातच. म्हणजे सात. प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्याला सतराच तासिका येतात, पण पगार पूर्ण द्यावा लागतो. तिघांच्या जागी सात पगार, आणि मुलं तेवढीच.

आता हीच शाळा दुप्पट करा. प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या, पट २७०, तासिका २४०. नऊ शिक्षकांत काम होतं. पहिल्या शाळेत एका शिक्षकामागे १९ मुलं होती, दुसरीत ३० आहेत. म्हणजे छोट्या गावातली छोटी माध्यमिक शाळा दर मुलामागे महाग पडणारच. त्यात कोणाचा आळस किंवा उधळपट्टी नसते, ते गणितच तसं आहे. प्रशासन हे समजून घेत नाही तेव्हा सरसकट एकाच दराने अनुदान देतं आणि लहान शाळा आपोआप कोरडी पडते.

उच्च माध्यमिकला हे आणखी टोकाला जातं. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, गणित यांना वेगवेगळे शिक्षक हवेत, आणि कधीकधी भौतिकशास्त्र घेणारी मुलं सगळ्या शाळेत मिळून पंधराच असतात. त्याखेरीज प्रयोगशाळा, रसायनं, प्रयोगशाळा सहायक, कार्यशाळा, संगणक कक्ष आणि वयात आलेल्या मुलींसाठी वेगळी, पाणी असलेली स्वच्छतागृहं हा सगळा खर्च आहे. माध्यमिक शिक्षकाची पदवी मोठी, म्हणून पगारही सहसा जास्त.

फी बंद झाल्यावर पहिल्याच वर्षी काय होतं?

मुलं येतात. अंदाजापेक्षा जास्त येतात. शाळा सोडून बसलेली परत येतात, एक-दोन वर्षं वाया गेलेली येतात, आणि खासगी शाळेतलीही काही इकडे वळतात.

घानाने सप्टेंबर २०१७ मध्ये उच्च माध्यमिक शिक्षण मोफत केलं. दुसऱ्याच वर्षी जागा इतक्या अपुऱ्या पडल्या की २०१८ मध्ये दुबार पद्धत आणावी लागली: मुलांचे दोन गट पाडायचे, एक गट शाळेत असताना दुसरा सुटीवर, मग उलट. शाळा वर्षभर चालू राहिल्या. या पद्धतीवर खूप टीका झाली आणि ती बरीचशी योग्यही होती. पण त्या वेळी दुसरा पर्याय मुलांना दारातून परत पाठवण्याचा होता, हे विसरून ती टीका करता येत नाही.

दुसरी लाट उशिरा येते. प्राथमिक शिक्षण मोफत झालं की ती मुलं सहा-आठ वर्षांनी माध्यमिकच्या दारात उभी राहतात. युगांडाने १९९७ मध्ये प्राथमिक मोफत केलं आणि २००७ मध्ये माध्यमिक. केनियात ही वर्षं २००३ आणि २००८. पहिलीत किती मुलं बसली आहेत हे सरकारला माहीत असतं, त्यामुळे सातवी-आठवीनंतर किती वर्गखोल्या लागतील हे आधीच कळतं. तरीही बांधकामाची तरतूद बहुतेक वेळा मुलं आल्यानंतर होते. हा दोष मला अक्षम्य वाटतो, कारण इथे भविष्य ओळखायला कुठलीही विद्या लागत नाही, हजेरीपट पुरतो.

दर मुलामागे अनुदान म्हणजे काय? ते पुरत का नाही?

फी घेणं बंद झाल्यावर सरकार शाळेला पटावरच्या प्रत्येक मुलामागे ठरावीक रक्कम देतं. केनियाने २००८ मध्ये अनिवासी माध्यमिक शाळांसाठी ती वर्षाला १०,२६५ शिलिंग ठरवली आणि २०१८ पर्यंत ती २२,२४४ वर नेली. वसतिगृहाचा खर्च मात्र पालकांकडेच राहिला.

रक्कम न पुरण्याची कारणं बरीच आहेत. ती आदल्या वर्षीच्या पटावर मोजली जाते आणि यंदा मुलं वाढलेली असतात. महागाई दरवर्षी वाढते, पण अनुदानाचा दर कोणीतरी मुद्दाम वाढवेपर्यंत तोच राहतो. वर सांगितलेला लहान शाळेचा प्रश्न आहेच. आणि वीज, पाणी, दुरुस्ती, पहारेकरी हे खर्च शंभर मुलं असोत की तीनशे, फारसे कमी-जास्त होत नाहीत. म्हणून मला योग्य वाटतं ते दोन भागांचं अनुदान: शाळा चालू ठेवण्यासाठी एक स्थिर रक्कम, आणि त्यावर दर मुलामागे रक्कम. दुर्गम भागातल्या आणि अपंग मुलं असलेल्या शाळांना दर वेगळा. हे करायला जास्त पैसा लागतोच असं नाही. आहे त्या पैशाची वाटणी बदलावी लागते.

अनुदान मंजूर असतं, मग शाळा उधारीवर का चालते?

सगळ्या प्रश्नांत हा मला सर्वात महत्त्वाचा वाटतो आणि चर्चेत तो सर्वात मागे राहतो.

शाळेला पैसे लागतात वर्ष सुरू होताना. खडू, छपाई, दुरुस्ती, प्रयोगाचं साहित्य, निवासी शाळा असेल तर धान्य. सरकारचा पैसा येतो हप्त्यांनी, आणि हप्ता उशिरा येतो. केनियात शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि सरकारचं आर्थिक वर्ष जुलैत. म्हणजे एकाच शैक्षणिक वर्षाचा खर्च दोन अर्थसंकल्पांत विभागला जातो. अनुदान तीन सत्रांसाठी ५०, ३० आणि २० टक्के असं सोडायचं ठरलं होतं, पण हप्ते रखडल्याच्या मुख्याध्यापकांच्या तक्रारी तिथे वर्षानुवर्षं होत आल्या आहेत.

मुख्याध्यापकाच्या जागी बसून बघा. दुकानदाराकडे थकबाकी आहे. वीज तोडण्याची नोटीस आली आहे. तासिका तत्त्वावरचा गणिताचा शिक्षक दोन महिने बिनपगारी आहे आणि सोडून जाईन म्हणतो. फी मागायला कायद्याने मनाई आहे. मग 'पालक निधी' येतो, 'परीक्षा साहित्य' येतं, 'जादा तास' येतात. वरून बघणाऱ्याला ही लूट दिसते. काही ठिकाणी ती असतेही. पण पुष्कळ ठिकाणी प्रामाणिक माणूस शाळा बंद पडू नये म्हणून हे करत असतो आणि पकडला तोच जातो.

उधारीची किंमतही चुकवावी लागते. पैसे कधी मिळतील याची खात्री नसलेला दुकानदार भाव चढा लावतो. म्हणजे उशिरा आलेल्या शंभर रुपयांत वेळेवरच्या शंभराइतकं येत नाही. म्हणून नव्या घोषणेपेक्षा, हप्त्याची तारीख आधी जाहीर करून ती पाळणारं सरकार मी जास्त मोलाचं मानतो.

एवढे शिक्षक कुठून आणायचे?

युनेस्कोच्या अंदाजानुसार २०३० पर्यंत जगाला प्राथमिक आणि माध्यमिक मिळून सुमारे ४ कोटी ४० लाख शिक्षक लागतील. त्यातल्या दर दहांपैकी सात जागा माध्यमिकच्या आहेत. निम्म्याहून अधिक जागा नव्या मुलांसाठी नसून, नोकरी सोडून किंवा निवृत्त होऊन जाणाऱ्या शिक्षकांच्या जागी भरायच्या आहेत. म्हणून आहेत ते शिक्षक टिकवणं हे सर्वात स्वस्त शिक्षकभरतीचं काम आहे, आणि भरतीच्या जाहिराती काढणाऱ्यांना हे वारंवार सांगावं लागतं.

एकरकमी भरती होऊ शकते. झांबियाने २०२२ मध्ये बारावीपर्यंतचं सरकारी शिक्षण मोफत केलं आणि त्याच वर्षी ३० हजारांहून अधिक शिक्षकांची भरती केली. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडने सैन्यातून परतलेल्या आणि इतर प्रौढ उमेदवारांना एका वर्षाचं खास प्रशिक्षण देऊन सुमारे ३५ हजार शिक्षक तयार केले. १९४४ च्या कायद्याने तिथल्या सरकारी माध्यमिक शाळांतली फी बंद झाली होती आणि १९४७ मध्ये शाळा सोडण्याचं वय १५ वर गेलं, त्यामुळे घाईला कारण होतं. वर्गखोल्यांसाठी तयार भागांच्या तात्पुरत्या खोल्या उभारल्या. 'तात्पुरत्या' खोल्यांपैकी काही पुढे कित्येक दशकं वापरात राहिल्या.

खरी टंचाई असते ती गणिताची, भौतिकशास्त्राची आणि दुर्गम भागाची. सरासरी काढली की ती झाकली जाते. जिल्ह्यात शिक्षक पुरेसे दिसतात, पण ते सगळे सडकेवरच्या शाळांत असतात. दुर्गम शाळेत राहायला घर, वेळेवर पगार आणि ठरलेल्या वर्षांनंतर नक्की बदली या तीन गोष्टी दिल्या तर माणसं जातात. नुसता भत्ता बहुतेक वेळा पुरत नाही, कारण शिक्षिकेला तिथे सुरक्षित खोली मिळत नसेल तर भत्त्याने ती मिळत नाही.

तासिका तत्त्वावरचे शिक्षक हा सोपा तोडगा वाटतो. एखादं वर्ष ठीक आहे. पण त्यावरच शाळा चालवायची ठरवली की दर जूनला नवा माणूस, नवी सुरुवात, आणि दहावीच्या वर्गाला वर्षभरात तीन गणित शिक्षक. त्याची भरपाई शिकवणीत करायची पाळी येते, आणि शिकवणीची फी घरातूनच जाते.

पगारावरच सगळा पैसा जातो, तर पगार कमी करावेत का?

नाही. गरीब देशांत शिक्षणाच्या चालू खर्चातला तीन चतुर्थांश किंवा त्याहून मोठा वाटा पगारांचा असणं सर्रास आढळतं. उरलेल्यात पुस्तकं, प्रयोग, दुरुस्ती, प्रशिक्षण सगळं बसवायचं असतं. पगार जास्त आहेत हे त्याचं कारण क्वचितच असतं, एकूण तरतूदच तोकडी असते. पैसा आटला की सरकार पगार थांबवू शकत नाही, म्हणून वेतनेतर अनुदान कापतं. प्रयोगशाळा अशीच बंद पडते: कोणी ती बंद करायचं ठरवत नाही, फक्त एका वर्षी रसायनं येत नाहीत, पुढच्या वर्षी नळ दुरुस्त होत नाही, आणि तिसऱ्या वर्षी खोलीत जुनी बाकं ठेवलेली असतात.

शाळा लांब असेल तर वसतिगृह बांधावं की सायकल द्यावी?

जमेल तिथे सायकल किंवा बस. वसतिगृहाचा खर्च, म्हणजे जेवण, देखरेख, सुरक्षा, शिकवण्याच्या खर्चापेक्षा वर जाऊ शकतो, आणि तो दरवर्षीचा असतो. बिहारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश यांच्या अभ्यासात असं दिसलं, की माध्यमिक शाळेत नाव असलेल्या त्या वयाच्या मुलींचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी वाढलं आणि मुलगे-मुलींमधली तफावत सुमारे ४० टक्क्यांनी घटली. शाळा तीन किलोमीटरपेक्षा लांब असलेल्या गावांत फरक सर्वात जास्त पडला. मुली गटाने सायकलवरून जाऊ लागल्या की रस्ताही सुरक्षित वाटू लागतो. हा फायदा नुसत्या रोख मदतीत नसतो.

डोंगराळ आणि विरळ वस्तीच्या भागात, जिथे पंधरा-वीस किलोमीटरवर शाळा आहे, तिथे वसतिगृहाला पर्याय नाही. मग ते खरोखर मोफत आणि सुरक्षित हवं. मुलींच्या वसतिगृहात महिला अधीक्षक नसेल तर पालक मुलीला पाठवत नाहीत, आणि त्यांना दोष देता येत नाही.

श्रीमंतांच्या मुलांचीही फी सरकारने का भरावी?

आक्षेप गंभीर आहे. जिथे गरीब मुलं प्राथमिकलाच गळतात, तिथे माध्यमिकला पोचलेली मुलं तुलनेने सुस्थितीतली असतात. अशा वेळी माध्यमिकवरच्या पैशाचा मोठा वाटा त्यांनाच मिळतो. म्हणून प्राथमिक शाळा मोडकळीला ठेवून वर मोफतची घोषणा करणं मला चुकीचं वाटतं.

पण फक्त गरिबांना माफी द्यायची, तर गरीब कोण हे ठरवावं लागतं. दाखले, फेऱ्या, चिरीमिरी, आणि वर्गात 'माफीवाला' म्हणून बोट दाखवलं जाणं. खरा गरजू त्यात गळतो. दक्षिण आफ्रिकेने मधला मार्ग घेतला. शाळांची परिसराच्या गरिबीनुसार पाच गटांत विभागणी केली आणि २००७ पासून सर्वात गरीब गटांतल्या शाळा सरसकट फीमुक्त केल्या. मूल तपासायचं नाही, शाळेचा परिसर तपासायचा. दोन गटांच्या सीमेवरच्या शाळांवर अन्याय होतो, पण मुलाला स्वतःची गरिबी सिद्ध करावी लागत नाही.

फी खरंच अडवते का, याचं घानातलं उत्तर बोलकं आहे. माध्यमिकला प्रवेश मिळूनही पैशाअभावी जाऊ न शकलेल्या २,०६४ मुलामुलींपैकी ६८२ जणांना सोडत काढून शिष्यवृत्ती दिली गेली आणि संशोधकांनी दोन्ही गटांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. शिष्यवृत्ती मिळालेल्यांत शिक्षण पूर्ण करणारे पुष्कळ जास्त निघाले, आणि मुलींना पहिलं मूल उशिरा झालं. ही गुणवत्ता मिळवून प्रवेशास पात्र ठरलेली मुलं होती. त्यांना फक्त पैसा अडवत होता.

खासगी शाळांतल्या जागा सरकारने विकत घेतल्या तर?

तात्पुरती सोय होते. युगांडाने २००७ नंतर खासगी शाळांना दर मुलामागे पैसे देऊन जागा मिळवल्या आणि २०१८ पासून ती व्यवस्था टप्प्याटप्प्याने आटोपती घेतली. फिलिपाइन्सने २०१६ मध्ये अकरावी-बारावी जोडली तेव्हा खासगी शाळांत जाणाऱ्यांसाठी व्हाउचर, म्हणजे फीपोटी शाळेला देता येणारी सरकारी पत्रं, दिली. जागा आधीच रिकाम्या असतील तर ते शहाणपणाचं आहे. पण खासगी शाळा असते तिथे बहुधा सरकारी शाळाही असते, आणि जिथे काहीच नाही तिथे कोणी खासगी शाळा काढत नाही. शिवाय दर कमी ठेवला तर शाळा शिक्षकाच्या पगारात काटछाट करते किंवा पालकांकडून वरचे पैसे घेते.

मग पैसा आणायचा कुठून?

इंचॉनमध्ये ठरलेला मापदंड असा: सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ४ ते ६ टक्के आणि/किंवा सरकारी खर्चाच्या १५ ते २० टक्के शिक्षणावर. काही गरीब देश दुसरी अट पाळतात आणि तरी पैसा पुरत नाही, कारण कराचं एकूण उत्पन्नच लहान असतं. लहान भाकरीचा पाचवा हिस्सा लहानच राहतो. त्यात कर्जाचा बोजा: सुमारे ३३० कोटी लोक अशा देशांत राहतात जिथे शिक्षणापेक्षा किंवा आरोग्यापेक्षा कर्जाच्या व्याजावर जास्त खर्च होतो, असं संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकास संस्थेने २०२३ मध्ये मांडलं.

परदेशी मदतीतून इमारती उभ्या राहतात. तीस वर्षांचे पगार त्यातून देता येत नाहीत. खनिज तेलासारख्या उत्पन्नावर योजना टांगली तर भाव पडला की शाळेचा हप्ता पडतो. शेवटी पैसा करांतूनच यायचा, आणि तो येईपर्यंत कोणत्या क्रमाने पुढे जायचं हे ठरवावं लागतं.

एकदम सगळ्यांना मोफत करावं की टप्प्याटप्प्याने?

टप्प्याटप्प्याने, पण टप्पे आधी जाहीर करून आणि सर्वात मागे राहिलेल्यांपासून सुरुवात करून. दक्षिण कोरियाने निम्न माध्यमिक शिक्षण १९८५ मध्ये आधी बेटांवर आणि दुर्गम भागात मोफत केलं. देशभर ते पूर्ण व्हायला २००४ उजाडलं. उच्च माध्यमिक २०१९ मध्ये शेवटच्या वर्षापासून सुरू करून २०२१ पर्यंत तिन्ही वर्षांना लागू केलं. शहरातल्या पालकांना वाट बघावी लागली, बेटावरच्यांना नाही. बहुतेक देशांत याच्या उलट होतं.

श्रीलंकेचं उदाहरण वेगळ्या कारणाने मोठं आहे. शिक्षणमंत्री सी. डब्ल्यू. डब्ल्यू. कन्नंगरा यांच्या आग्रहाने १९४५ मध्ये, स्वातंत्र्याच्याही आधी, तिथे बालवर्गापासून विद्यापीठापर्यंत शिक्षण मोफत झालं. त्यासोबत त्यांनी राजधानीबाहेर मोठ्या मध्यवर्ती शाळा उभारल्या, प्रयोगशाळा आणि वसतिगृहांसकट. फीमाफी आणि चांगली शाळा एकत्र पोचली, म्हणून खेड्यातल्या मुलाला त्या माफीचा उपयोग झाला.

पैसा शाळेपर्यंत पोचतो हे कसं कळणार?

युगांडात १९९१ ते १९९५ या काळात प्राथमिक शाळांच्या वेतनेतर अनुदानाचा माग काढला गेला. केंद्राने सोडलेल्या पैशातले सरासरी १३ टक्केच शाळेत पोचत होते. त्यानंतर सरकारने कोणत्या जिल्ह्याला किती पैसा सोडला ते वर्तमानपत्रांत छापायला आणि शाळांनी मिळालेली रक्कम भिंतीवर लावायला सांगितलं. २००१ पर्यंत पोचणारा वाटा ८० टक्क्यांच्या घरात गेला. इतरही सुधारणा तेव्हा झाल्या, त्यामुळे सगळं श्रेय वर्तमानपत्राला देता येत नाही. तरी आकडा लोकांसमोर असणं हा स्वस्त आणि धारदार उपाय आहे.

पालक स्वखुशीने वर्गणी देत असतील तर काय हरकत आहे?

खुशी मोजता येत नाही. यादीत नाव वाचून दाखवलं की वर्गणी सक्तीची होते. निकाल किंवा दाखला अडवला जात असेल तर ती फीच आहे. श्रमदान, जुनी पुस्तकं, एखाद्या कारागिराने शिकवलेला तास यांचं स्वागत करावं. रोख देणगी घ्यायचीच असेल तर ती निनावी असावी आणि वर्गशिक्षकाच्या हातून जमा होऊ नये.

शाळा व्यवस्थापन समितीत आहे. बैठकीत नेमकं काय विचारू?

या वर्षी किती पटावर अनुदान मोजलं आणि आज पट किती? शेवटचा हप्ता कोणत्या तारखेला आला, पुढचा कधी अपेक्षित आहे? दुकानदारांची थकबाकी किती? कोणत्या विषयाला शिक्षक नाही आणि किती महिन्यांपासून? प्रयोगशाळेत या सत्रात किती प्रयोग मुलांनी स्वतः केले? वर्षभरात घरांतून कशाकशासाठी पैसे मागितले? आणि गेल्या वर्षी आठवी झालेल्यांपैकी नववीत कोण आलं नाही? ही शेवटची यादी नावानिशी मागा, आणि त्या घरी समितीतलं कोण जाणार हे त्याच बैठकीत ठरवून घ्या.